ही इस्त्री उन्हाची

दोन जावांनी एका दुकानात काम करू नये, असं म्हणतात. करायचंच झालं तर निदान एका इस्त्रीवर करू नये, ही भर माझी. आम्ही दोन्ही केलं, आणि वर कायदाही करून घेतला.

आमची लाँड्री हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आहे. पुढे काउंटर, मागे धुलाईची मशीनं आणि मधल्या खोलीत इस्त्रीची दोन टेबलं समोरासमोर. एका टेबलाशी मी, दुसऱ्याशी थोरल्या जाऊबाई. आमचे हे व्हॅनमधून कपडे पोचवतात. भाऊजी जहाजावर स्वयंपाकी आहेत. वर्षातून एकदा घरी येतात आणि दुकान कसं चालवावं ते आम्हाला शिकवून जातात. आम्ही मान डोलावतो. ते गेले की पुन्हा आपलं चालू ते चालू.

जाऊबाई बोलतात कमी. त्यांच्या वाटचंही मीच बोलून टाकते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. ते त्यांनी एकदाच म्हटलं.

आमचं गिऱ्हाईक मुख्यतः गणवेशवालं. नर्सा, बसचालक, हॉटेलातले वेटर, बँकेचे रखवालदार. या लोकांना 'उद्या या' म्हणून चालत नाही, कारण उद्या सकाळी तोच शर्ट घालून उभं राहायचं असतं. आणि वीज कंपनीची वीज तर रोज दुपारी जायची. इस्त्र्या गार, मशीनं अर्ध्यात बंद, आत फेसात बुडालेले कपडे आणि बाहेर घड्याळाकडे बघणारी माणसं. एकेक गिऱ्हाईक गळायला लागलं. दुकान बंद करायच्या गोष्टी आमचे हे दबक्या आवाजात बोलायला लागले, तेव्हा जाऊबाईंनी वायरमनला बोलावलं, त्याच्यामागून स्वतः शिडी चढल्या आणि छपरावर सोलर पॅनल बसवून घ्यायचं ठरवून खाली उतरल्या.

"छप्पर गळतंय, त्याचं आधी बघा," मी म्हटलं.

"गळेल तिथं बादली ठेवू," त्या म्हणाल्या. "बादलीत इस्त्री तापत नाही."

पॅनल बसले आणि दुकानाला जीव आला. भर दुपारी गल्लीतले सगळे पंखे थांबलेले असायचे आणि आमच्या दोन्ही इस्त्र्या वाफा सोडत असायच्या. सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊबाई वर जाऊन पॅनल ओल्या फडक्यानं पुसायच्या. लहान पोरांची तोंडं पुसावीत तसं, कडा-कोपरे सोडायचे नाहीत. मला हसू यायचं, पण मी शिडी धरायचे.

मग कंपनीचा माणूस आला. नियम दाखवला: एका घराला एकच वीज. आमची हवी असेल तर छपरावरची उतरवा, छपरावरची हवी असेल तर आमची विसरा. आम्ही विसरतो म्हणालो. त्यानं खांबावर चढून आमची तार कापली.

उन्हाळाभर आमचं काही अडलं नाही. उलट वीज उरायची. ती कुठे जायची? कुठेच नाही. समोरच्या माडीवरची म्हातारी वर्तमानपत्रानं वारा घेत बसायची आणि आमच्या डोक्यावर वीज फुकट जायची. मला ते बघवत नसे. पण ढग आले की उलटा कारभार. तेवढ्या उजेडात एकच इस्त्री तापायची. मशीनं रखडत चालायची. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आणि इथे एका इस्त्रीवर दोन जावा. एकीनं शर्ट संपवायचा, तोवर दुसरीनं घड्या घालायच्या. घड्या घालताना सूचना करायच्या नाहीत, हे मला जमायचं नाही.

ढगाळ महिने तोंडावर आले होते. एका इस्त्रीवर ते निघणार नव्हते, हे आम्हा दोघींना कळत होतं. पॅनल उतरवून कंपनीच्या पाया पडायचं, नाहीतर दुकानाला कुलूप लावायचं. तिसरी वाट एकच होती. घरच्या छपरावरच्या विजेचा कायदा. त्याचा मसुदा सभागृहाच्या समितीपुढे धूळ खात पडला होता. त्यात लिहिलेलं साधं होतं: ज्याच्या छपरावर पॅनल असतील त्यानं तारही ठेवावी, उरलेली वीज कंपनीला द्यावी, ढगाळ दिवशी तेवढी परत घ्यावी, आणि कंपनीनं देणं-घेणं मोजून ठेवावं. कायदा झाला तर दोन्ही इस्त्र्या चालणार होत्या. नाही झाला तर पॅनल खाली.

समितीचे अर्धे सभासद बाजूनं, अर्धे विरुद्ध. निर्णय अध्यक्षांच्या हातात. आणि अध्यक्ष कोण, तर आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. आम्ही त्यांना आपापसांत कडक कॉलर म्हणतो. त्यांच्या शर्टाला इतकी खळ लागते की शर्ट भिंतीला टेकवून उभा करावा. कॉलर वाकली तर मत वाकलेलं दिसतं, असं त्यांनी एकदा ड्रायव्हरबरोबर कळवलं होतं. या कायद्याबद्दल ते सगळीकडे दोनच गोष्टी सांगायचे. एक, हे लोकांनी मागितलेलंच नाही. दोन, ढग आले की ही वीज बंद.

लोकांनी मागावं म्हणून शहरात एक कृती समिती निघाली होती. तिचे प्रमुख एक प्राध्यापक, मोठे सज्जन. पडद्यावर आलेख दाखवून ते तासभर युनिटांचा हिशेब समजावायचे. ऐकायला चारदोन माणसं, त्यातली निम्मी सावलीसाठी आलेली. पालथ्या घड्यावर पाणी. मी स्वतः दोनदा गेले आणि दुसऱ्यांदा मला डुलकी लागली, मला, जिचं पोट त्या आलेखावर होतं. त्यांचं पत्रक छान छापलेलं होतं. ते मला पुन्हा दिसलं ते शेंगदाण्याची पुडी होऊन.

मार्ग निघाला तो एका नर्सच्या बोलण्यातून. ती रात्रपाळीची, गणवेश न्यायला संध्याकाळी आली. गल्लीत दुपारपासून वीज नव्हती.

"आज मिळणार नाही असंच धरून आले होते," ती म्हणाली. "दुपारपासून वीज नाही, मग इस्त्री कशानं केलीत?"

"उन्हानं," मी म्हटलं.

तिनं गणवेश उलटसुलट करून पाहिला. बाहीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिनं छपराकडे मान वर केली आणि विचारलं, "आमच्या घरावर बसतील का हो?"

प्राध्यापकांना तासभरात जे जमलं नव्हतं ते एका बाहीनं केलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याच रात्री मी आमची एक जुनी चादर फाडली, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि कपड्यांवर खूण घालायच्या पक्क्या शाईनं त्यांच्यावर लिहिलं: 'ही इस्त्री उन्हाची. छपरावरच्या विजेचा कायदा हवा.' ठरवलं की जाणाऱ्या प्रत्येक कपड्याला एक पट्टी लावायची.

"टाचणी चालणार नाही," जाऊबाई म्हणाल्या. "कापडाला भोक पडतं. मी टाका घालीन."

आणि त्या बसल्या. शर्टाला मानेच्या मागे, कोटाला पाठीच्या चिरेपाशी, एकच सैल टाका. ओढला की निघेल, पण ओढल्याशिवाय पडणार नाही. लिहायचं मी, शिवायचं त्यांनी, पोचवायचं ह्यांनी. आमच्या लग्नांनंतर आम्ही तिघांनी न भांडता केलेलं हे पहिलं काम.

लोक पट्टी काढून फेकतील असा माझा अंदाज होता. लोकांनी ती ठेवली. बसचालकानं खिशावर लावून घेतली आणि प्रवासी विचारतील त्याला उत्तर द्यायला लागला. वेटर मंडळींची त्यावरून हॉटेलात चर्चा. एका शिक्षिकेला वर्गातल्या पोरांनी विचारलं की ऊन तारेत कसं शिरतं, आणि ती उत्तर विचारायला थेट प्राध्यापकांच्या सभेला गेली. तिच्यामागे पालक गेले. खुर्च्या भरल्या. प्राध्यापक बिचारे गोंधळले, पण मग खुलले.

सगळेच काही खूश नव्हते. एक रखवालदार शर्ट परत घेऊन आला. म्हणाला, "उन्हाची इस्त्री टिकत नाही. मला नेहमीची करून द्या." मी त्याला काही ऐकवणार, तेवढ्यात जाऊबाईंनी शर्ट घेतला, आत नेला, त्याच इस्त्रीवरून पुन्हा फिरवून आणून दिला. तो घडी चाचपून म्हणाला, "आता कशी झाली." जाऊबाईंनी मान हलवली. तो गेल्यावर मी टेबलाखाली बसून हसले.

सभागृहाच्या समितीची जाहीर सुनावणी ठरली. आदल्या दिवशी नेमके ढग. सकाळपासून आभाळ गच्च, एकच इस्त्री चालू, कपड्यांचा ढीग आणि आमचे पारे चढलेले. अशात कडक कॉलरांचा ड्रायव्हर त्यांचा काळा कोट घेऊन आला.

"संध्याकाळपर्यंत हवाय," तो म्हणाला. "उद्या त्या सोलरचा निकाल लावायचाय, कोट चांगला करा, असं साहेबांनी सांगितलंय." हे सांगताना त्याचीच मान खाली गेली. शर्ट त्याचाही आमच्याकडेच यायचा.

तो वळताच मी पट्टी उचलली. "यालाही लावा."

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचा कोट म्हणजे गिऱ्हाइकाची अब्रू. ती आपल्याकडे ठेवायला दिलेली असते."

"आणि आपल्या पोटाचं काय?"

"पोट आपलं, कोट त्यांचा."

यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि अबोला धरला. जाऊबाईंचा अबोला म्हणजे मुळात कमी असलेलं अजून कमी होणं, पण ते कळतं. दिवसभर आम्ही ह्यांच्यामार्फत बोललो. "यांना सांगा, इस्त्री मोकळी झाली." "यांना सांगा, दिसतंय." शेवटी हे व्हॅनमध्ये जाऊन बसले. कोट जाऊबाईंनीच केला. मी रागानं काउंटरवर पाठ फिरवून बसले होते.

सुनावणीच्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही गेलो. सभागृहाची ती खोली उंच छताची, लाकडी बाकांची. पुढे लांब टेबल, टेबलामागे समिती, मध्ये कडक कॉलर. बाजूला खडूचा फळा. खोली इतकी भरली होती की मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. कोण कुठल्या कामावरून आलंय ते गणवेशावरून कळत होतं. जाऊबाई माझ्याशेजारी बसल्या, पण बोलत नव्हत्याच.

प्राध्यापक बोलले, वायरमन बोलला, कंपनीचा अधिकारी बोलला. शेवटी कडक कॉलर उभे राहिले. कोट झकास बसला होता, हे मला मान्य करावं लागलं.

"विज्ञानाला माझा विरोध नाही," ते म्हणाले. "पण कायदा लोकांसाठी असतो. लोकांनी हे कुठे मागितलंय? शहरात किती जणांनी ही वीज वापरून पाहिली आहे? आणि ढगाळ दिवसांत काय करायचं, ते मी आता दाखवतो." असं म्हणून ते फळ्याकडे वळले आणि आलेख काढायला लागले.

त्यांची पाठ आमच्याकडे झाली. कोटाच्या चिरेपाशी एक पांढरी पट्टी लोंबत होती.

काल तेवढं भांडलो, आणि शेवटी जाऊबाईंच्या हातून सवयीनं टाका पडला होता. आता हा माणूस चिडणार, आणि चिडून कायदा बुडवणार, आणि आम्ही पॅनल उतरवणार. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

पहिल्या बाकावर आमची रात्रपाळीची नर्स होती. तिनं पट्टी आधी मनात वाचली, मग शेजारणीच्या कानात. हसू एका बाकावरून दुसऱ्यावर सरकत मागच्या भिंतीपर्यंत गेलं. कडक कॉलर वळले.

"काय झालं?"

"साहेब, कोटाला मागे काहीतरी आहे," नर्स म्हणाली.

त्यांनी कोट काढला. पट्टी वाचली.

"हा आगाऊपणा कुणाचा?"

मी उठले. तोंडानं मला आजवर कधी दगा दिलेला नाही. "आमच्या लाँड्रीचा, साहेब. आमच्याकडून जाणाऱ्या सगळ्याच कपड्यांना ही पट्टी असते. तुमच्या कोटाला चुकून लागली, त्याची माफी मागते. पण किती जणांनी ही वीज वापरून पाहिली, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही पाहिलीत."

नर्स उभी राहिली आणि तिनं खिशावरची पट्टी पुढे केली. बसचालक उठला. वेटर उठले. तो रखवालदारसुद्धा उठला, ज्याला उन्हाची इस्त्री टिकत नव्हती. त्याच्या खिशातून पट्टी निघाली. शिक्षिका, हॉस्पिटलचे वॉर्डबॉय, मागे भिंतीशी उभा असलेला साहेबांचा ड्रायव्हर. काही जणांनी पट्टी लावलेली, काहींनी हातात धरलेली. मला माहीत होतं आम्ही किती पट्ट्या शिवल्यात. त्या सगळ्या एका खोलीत उभ्या राहिलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसले नाहीत.

पण कडक कॉलर मुरलेले होते. त्यांनी पट्टी बोटात धरली आणि डोळे बारीक केले.

"कोट मी काल पाठवला," ते म्हणाले. "काल दिवसभर ढग होते. मग ही उन्हाची इस्त्री कुठून आली? म्हणजे ही पट्टी खोटी आहे."

खोलीतलं हसू आटलं. कंपनीचा अधिकारी खुर्चीत सावरून बसला.

"खोटी कशी असेल साहेब?" मी म्हटलं. "आमच्याकडे दुसरी वीजच नाही. कंपनीनं आमची तार कापलीय. तुमच्या शेजारी बसलेल्या साहेबांना विचारा."

त्यांनी विचारलं. अधिकाऱ्यानं घसा साफ केला आणि सांगितलं की हो, नियमाप्रमाणे तार कापलेली आहे, उन्हाळ्याच्या आधीच.

"ढग आले की ही वीज बंद होत नाही, कमी होते," मी म्हटलं. "काल आमची एकच इस्त्री चालली. तिच्यावर आधी तुमचा कोट झाला, मग हॉस्पिटलचे गणवेश. दुसरी इस्त्री दिवसभर गार पडली होती आणि त्या एका इस्त्रीपायी आम्ही दोघी जावा भांडलो, अजून बोलत नाही. उन्हाळाभर आमच्या छपरावर वीज वाया गेली. ती तेव्हा घेतली असतीत आणि काल परत दिली असतीत, तर दुसरीही तापली असती. कायदा एवढंच मागतो. आम्हाला दुसरी इस्त्री हवी आहे."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. कडक कॉलर कोटाच्या बाहीकडे बघत होते. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, अगदी नर्सनं फिरवलं होतं तसंच. त्यांनी समोरच्या सगळ्या उभ्या माणसांवरून नजर फिरवली. मतं मोजायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

"घडी बरी बसलीय," ते म्हणाले, आणि कोट अंगात घालून मतदानाला बसले. त्यांचा हात बाजूनं वर गेला. पुढे सभागृहात कायदा मंजूर झाला, तेव्हा पहिलं भाषणही त्यांचंच झालं. कायदा त्यांनीच आणला असं हल्ली ते सांगतात. सांगोत बापडे. त्यांचा ड्रायव्हर आता निरोप आणतो की पट्टी लावूनच द्या, दिसेल अशी.

कंपनीचा तोच माणूस पुन्हा खांबावर चढला आणि त्यानं तोच तुकडा जोडून दिला. नवं मीटर बसलं, दोन्ही बाजूंनी मोजणारं. त्या रविवारी लख्ख ऊन पडलं होतं. दुकान बंद, मशीनं बंद, आणि आमच्या छपरावरची वीज गल्लीत निघालेली. समोरच्या माडीवर पंखा फिरत होता. म्हातारी खाली वाकून म्हणाली, "तुमचा वारा येतोय गं." भाऊजींना फोनवर हे सांगितलं, तर म्हणाले, पॅनलची कल्पना मुळात त्यांचीच होती.

जाऊबाई मीटरपाशी स्टूल टाकून बसल्या होत्या. अबोला त्या सुनावणीच्या दिवशीच सुटला होता, पण ती गोष्ट आम्ही काढली नव्हती. मला राहवलं नाही.

"जाऊबाई, एक बोलू? त्या दिवशी तुमच्या हातून ती चूक झाली, ते आपलं नशीबच म्हणायचं."

त्यांनी मीटरवरून नजर न काढता विचारलं, "माझा टाका चुकून पडलेला कधी पाहिलायस?"

"मग अब्रूचं काय? कोट त्यांचा, पोट आपलं, हे कोण म्हणालं होतं?"

"मीच. मग इस्त्री करताना मनात आलं, आपण सगळ्यांच्या कपड्यांना लावतो. त्यांनाच वगळायचं, तर मग बाकीच्यांना अब्रू नाही का?" त्या उठल्या, स्टूल उचललं. "आणि निरोप काय होता? कोट चांगला करा. केला."

सोमवारी ढग आले. आम्ही दोन्ही इस्त्र्या लावल्या, आणि दोन्ही तापल्या.